जुन्या इलेक्ट्रिक गार्डन ट्रॅक्टरचा वेग आणि क्लच : तपासणी, दुरुस्ती आणि नवा कंट्रोलर

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1969च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे ‘एलेक-ट्रॅक’ नावाचे बॅटरीवर चालणारे बागेचे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. ई-8, ई-10, ई-12, ई-15, ई-20 अशी लहानमोठी मॉडेलं निघाली. 1970च्या दशकाच्या मध्याला हा धंदा व्हील हॉर्स कंपनीकडे गेला, पुढे न्यू आयडिया कंपनीकडे, आणि मग थांबला. ट्रॅक्टर मात्र थांबले नाहीत. अमेरिकेत आजही ते गवत कापतात, बर्फ लोटतात, लाकडं ओढतात. जुनं घर घेताना गॅरेजच्या कोपऱ्यात असा एखादा ट्रॅक्टर पदरात पडला असेल, किंवा कुणी ‘घेऊन जा’ म्हणून दिला असेल, तर त्याला भंगारात घालायची घाई करू नका. इतकं मजबूत आणि घरच्या घरी दुरुस्त करता येणारं यंत्र आता कुणी बनवत नाही.

या ट्रॅक्टरबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते वेगाचे आणि क्लचचे. ‘पहिल्या वेगात हलत नाही’, ‘एकदम झटका देतो’, ‘क्लचचं पेडल दाबलं तरी पुढे जातो’, ‘चढावर मरतो’. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. यातले बहुतेक बिघाड कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच), केबल आणि बॅटरी यांचे असतात. मोटर क्वचितच दगा देते. त्यामुळे मूळ यंत्रणा नीट समजून घेतल्याशिवाय नवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर विकत घेऊ नये. तो कधी घ्यावा, तेही शेवटी येईल.

खालचे आकडे आणि पायऱ्या 36 व्होल्टच्या, कॉन्टॅक्टर आणि रेझिस्टर असलेल्या मॉडेलांना धरून आहेत. ई-12, ई-15, ई-20 यांची तपशीलवार जोडणी एकसारखी नाही, म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम छापून भिंतीवर लावा. ही सोय नव्हे, गरज आहे.

वेग ठरतो कसा

डीसी मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. जितका वेग जास्त, तितका तो जास्त. बॅटरीच्या 36 व्होल्टमधून हा उलट दाब वजा केला की जे उरतं, तेवढंच आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, करंट ढकलतं.

मोटर उभी असताना बॅक ईएमएफ शून्य असतो. समजा आर्मेचर, ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि केबल मिळून रोध 0.05 ओहम आहे. थेट 36 व्होल्ट दिले तर 720 अँपिअर. एवढ्या करंटने कॉन्टॅक्टरची टोकं वितळतात आणि पट्टा किंचाळतो. म्हणून सुरुवातीला मध्ये मोठा रेझिस्टर घालतात. 0.2 ओहमचा घातला तर एकूण 0.25 ओहम, आणि करंट 144 अँपिअर. मोटरने थोडा वेग घेतला, बॅक ईएमएफ 18 व्होल्टवर आला, की करंट 72वर उतरतो. मग वेगाच्या लिव्हरची पुढची खाच. कॉन्टॅक्टर त्या रेझिस्टरचा एक तुकडा बायपास करतो. असं करत शेवटी सगळे रेझिस्टर बाहेर पडतात आणि आर्मेचरला पूर्ण 36 व्होल्ट मिळतात. इथवर आलेला वेग म्हणजे मोटरचा मूळ वेग.

याहून जास्त वेग हवा असेल तर फील्ड, म्हणजे आर्मेचर ज्यात फिरतं ते चुंबकत्व, कमकुवत करतात. या मोटरचं फील्ड वेगळ्या कॉइलने तयार होतं आणि त्याला आर्मेचरच्या मानाने फार थोडा करंट लागतो. फील्डच्या वाटेत रोध वाढवला की चुंबकत्व कमी होतं, बॅक ईएमएफ घटतो, आणि तो पुन्हा बॅटरीच्या जवळ पोचेपर्यंत मोटर वेग वाढवत जाते. फील्ड 70 टक्क्यांवर आणलं तर मोकळा वेग साधारण 1.4 पट होतो. पण त्याच प्रमाणात दर अँपिअरमागे मिळणारी ताकद घटते. म्हणून वेगाच्या वरच्या खाचा सपाटीवर गवत कापायला किंवा रिकाम्या फिरण्याला. चढावर, नांगरताना, बर्फाच्या ढिगात लिव्हर मागे घ्यायचा.

मुंबईत जुन्या लोकलने प्रवास केलेल्यांनी हे सगळं अंगावर अनुभवलेलं आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी 1,500 व्होल्ट डीसीवर होती, आणि डीसीचा तो जमाना 2016मध्ये हार्बर मार्गावर संपला. जुन्या डीसी लोकल स्टेशनातून सुटताना एकामागून एक जे छोटे हिसके बसायचे, ते रेझिस्टर एकेक करून वगळले जाण्याचे. नंतरचा वेग फील्ड कमी करून. तिथल्या मोटरी सिरीज वाइंडिंगच्या (फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग एक), इथली मोटर शंट जातीची (फील्डची वाट वेगळी). पण मोटरमनच्या हँडलमागचं तत्त्व आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या लिव्हरमागचं तत्त्व एकच.

यातून चालवण्याचा एक नियम निघतो. रेझिस्टरच्या खाचा रांगायसाठी आहेत, राहायसाठी नाहीत. 0.2 ओहममधून 100 अँपिअर गेले की 2,000 वॉट नुसती उष्णता होते, म्हणजे खोली गरम करणाऱ्या मोठ्या हीटरइतकी, आणि तीही सीटखालच्या पत्र्याच्या खोक्यात. हळू जायचं असेल तर ट्रान्सअ‍ॅक्सलचा (गिअरबॉक्स आणि मागचा आस यांचं एकत्र खोकं) खालचा गिअर टाका आणि लिव्हर पुढे न्या. मोटर खुशीत फिरते, रेझिस्टर थंड राहतात, बॅटरी वाचते. जुन्या ट्रॅक्टरांत जळके रेझिस्टर दिसतात ते बहुतेक याच चुकीमुळे.

क्लच कुठे गेला

पेट्रोलच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन सतत फिरतं, म्हणून चाकं थांबवायला क्लच लागतो आणि पाती थांबवायला दुसरा. इलेक्ट्रिक मोटर थांबलेली चालते आणि शून्यापासून पूर्ण ताकद देते. त्यामुळे इथे क्लचचं काम कॉन्टॅक्टर करतो. पेडल दाबलं की खाली बसवलेला छोटा स्विच कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतो, टोकं उघडतात, आर्मेचर सुटं होतं. पेडल आणखी खाली गेलं की यांत्रिक ब्रेक लागतो. कापणीच्या डेकवर प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर असते, म्हणून तिथेही पीटीओ क्लच (अवजाराला ताकद जोडणारा-तोडणारा) नाही. स्विच आणि कॉन्टॅक्टर एवढंच.

याचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. कॉन्टॅक्टरची टोकं वितळून एकमेकांना चिकटली तर पेडल दाबूनही मोटर सुटत नाही. पेट्रोल ट्रॅक्टरमध्ये ‘क्लच अडकला’ म्हणतात तेच हे, फक्त इथे मोटर बंद पडून वाचवणार नाही. ती ओढतच राहील.

उतारावरची गोष्ट तर नीट लक्षात ठेवा. लिव्हर चालू स्थितीत ठेवून उतार उतरत असाल तर मोटर स्वतःच ब्रेक लावते. वेग मर्यादेपलीकडे गेला की बॅक ईएमएफ बॅटरीपेक्षा वाढतो आणि करंट उलटा बॅटरीत जातो. पेडल दाबलं की ही पकड नाहीशी होते आणि ट्रॅक्टर मोकळा सुटतो. उरतो फक्त यांत्रिक ब्रेक. गिअर न्यूट्रलला आला किंवा मोटरचा पट्टा तुटला तरी तसंच. ब्रेकची डिस्क किंवा ड्रम पट्ट्याच्या कोणत्या बाजूला आहे हे आजच वाकून पाहा. ती मोटरच्या बाजूला असेल तर पट्टा तुटताच ब्रेकही गेला. अशा यंत्राला उतारावर नेण्याआधी पट्टा नवा हवाच.

हात लावण्याआधी

अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. 36 व्होल्टचा शॉक सहसा लागत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आलेली अंगठी क्षणात लाल होते. डोळ्यांना चष्मा, शेजारी खायच्या सोड्याचं पाणी, गॅरेजचं दार उघडं. चार्जिंगनंतर लगेच झाकण उघडून ठिणगी पाडू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पॉवर डिस्कनेक्ट (बॅटरीचा सगळा पुरवठा तोडणारी जोडणी) काढा. मग पुढची चाकं दोन्हीकडून ठोकळ्यांनी अडवा, मागचा अ‍ॅक्सल जॅकने उचला आणि लोखंडी स्टँडवर ठेवा. जॅकवर भरवसा नको, कारण सहा बॅटऱ्याच दीडशे किलोच्या पुढे जातात. चाकं हवेत मोकळी फिरली पाहिजेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे पुढच्या चाचण्या याच स्थितीत.

मल्टिमीटर साधा चालेल, पण मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर फार उत्तम. स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना तपासा.

पहिली पायरी : बॅटरी

वेगाची तक्रार असली तरी सुरुवात इथूनच करायची. सहा-सहा व्होल्टच्या गोल्फ कार्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. चार्ज करून काही तास ठेवल्यावर प्रत्येकीवर साधारण 6.35 व्होल्ट आणि संपूर्ण संचावर 38च्या थोडं वर दिसायला हवं. नुसत्या उभ्या व्होल्टेजवर समाधान मानू नका. ट्रॅक्टर खाली उतरवून चढावर न्या आणि सोबतच्या माणसाला एकेका बॅटरीवर मीटर धरायला सांगा. पाच बॅटऱ्या 5.8वर आणि एक 5.0वर आली तर गुन्हेगार सापडला. 5.25च्या खाली, म्हणजे दर सेल 1.75च्या खाली गेलेली बॅटरी त्या लोडला संपलेली असते.

हेडलाइट किंवा पंपासाठी 12 व्होल्ट हवेत म्हणून संचातल्या दोनच बॅटऱ्यांवर जोड मारलेली बऱ्याच ट्रॅक्टरांत सापडते. ती आधी काढून टाका. त्या दोन बॅटऱ्या कायम उपाशी आणि बाकीच्या चार जास्त चार्ज, अशाने पूर्ण संच वेळेआधी मरतो. 36 ते 12 व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा. पेट्रोल ट्रॅक्टरचं पट्ट्यावरचं डेक आणि त्याचा 12 व्होल्टचा विद्युतचुंबकीय पीटीओ क्लच या ट्रॅक्टरवर बसवण्याचा बेत असेल, तर त्या क्लचलाही असाच कन्व्हर्टर द्यावा लागेल.

दुसरी पायरी : पेडल आणि इंटरलॉक

डिस्कनेक्ट काढलेलंच ठेवा. पेडल हाताने हळूहळू दाबा आणि स्विचची ‘टिक’ कुठे येते ते पाहा. ब्रेक पकडण्याच्या आधी टिक आली पाहिजे. उशिरा येत असेल तर मोटर आणि ब्रेक एकमेकांशी भांडतात, पट्टा तापतो आणि दोष विनाकारण पट्ट्यावर जातो. स्विचची पट्टी सरकवून ही वेळ जुळवता येते.

आता स्विचच्या दोन तारा सुट्या करून ओहम मोजा. बंद स्थितीत जवळजवळ शून्य, उघड्यात अनंत. मधलं काही दिसलं, किंवा तार हलवल्यावर आकडा नाचला, तर स्विच बदला. सीटखालचा स्विच, पार्किंगचा, लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्याचं सांगणारा, असे जे जे इंटरलॉक (असुरक्षित स्थितीत ट्रॅक्टर चालू न देणारे स्विच) तुमच्या मॉडेलवर असतील ते सगळे असेच तपासा. ‘ट्रॅक्टर पूर्ण मेलाय’ असं वाटतं तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा यांतला एखादा गंजलेला असतो.

कुणी स्विच तारेने बायपास केलेला आढळला तर आधी तो पूर्ववत करा. हा ट्रॅक्टर आवाज न करता उभा असतो. त्याला चालू समजून कुणी दूर राहत नाही, मुलं तर नाहीच.

तिसरी पायरी : कॉन्टॅक्टर

इथे वेळ काढा, कारण खरी दुरुस्ती इथेच होते.

मागची चाकं हवेत ठेवून डिस्कनेक्ट लावा, लिव्हर पहिल्या खाचेत टाका. ‘ठक्क’ असा भरीव आवाज यायला हवा. खाच पुढे नेत जा. प्रत्येक कॉन्टॅक्टरचा वेगळा आवाज ओळखीचा होतो. फक्त बारीक ‘टिक’ आली, तर कॉइलवर व्होल्टेज मोजा. 36च्या आसपास असूनही ओढत नसेल तर कॉइल किंवा अडकलेला प्लंजर. 25-30च असेल तर वाटेत कुठेतरी गंज.

मुख्य टोकांवर मीटर लावा. उघडा असताना तिथे संचाचं व्होल्टेज दिसतं, बंद झाल्यावर जवळजवळ शून्य. हा ‘जवळजवळ’ महत्त्वाचा. चढावर, खऱ्या लोडवर पुन्हा मोजा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. 0.5 व्होल्ट असेल तर 100 अँपिअरला 50 वॉट त्या दोन छोट्या टोकांवर जळतायत, आणि एक दिवस ती चिकटणारच. हीच चाचणी प्रत्येक केबलच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर), प्रत्येक बॅटरीच्या खांबावर करा. कपड्याने पुसून चकचकीत दिसणारा जोड आतून कुजलेला असू शकतो. मीटर ते लपू देत नाही.

टोकं उघडून पाहिली की काळी दिसतील. काळी दिसली म्हणून घासू नका. ही टोकं चांदीच्या मिश्रधातूची असतात आणि चांदीचं ऑक्साइड वीज वाहून नेतं. फक्त उंचवटे, खड्डे, मण्यासारखे वितळलेले थेंब असतील तर बारीक कानसने हळूच सपाट करा. पॉलिश पेपर नको. त्याचे कण टोकांत रुतून बसतात. त्या काळच्या अशा टोकांमध्ये कॅडमियम असू शकतं, म्हणून तोंडावर मास्क, भुकटी ओल्या कपड्याने टिपायची, फुंकर मारायची नाही. जाडी निम्म्यावर आली असेल तर टोकं किंवा पूर्ण कॉन्टॅक्टर बदला. नवा घेताना कॉइल 36 व्होल्ट डीसीची आणि सततच्या कामासाठी बनवलेली आहे ना, हे पाहून घ्या. गाड्यांच्या स्टार्टरचा सोलेनॉइड दिसायला तसाच असतो, पण तो काही सेकंदांसाठी बनवलेला. तो इथे लावू नका.

कॉइल बंद होताना जो व्होल्टेजचा उसळा मारते, त्याने पेडलचा छोटा स्विच जळतो. म्हणून कॉइलवर उलट दिशेने डायोड लावतात. मात्र नुसत्या डायोडने कॉन्टॅक्टर सावकाश उघडतो आणि सावकाश उघडणाऱ्या टोकांवर ठिणगी लांबते. डायोडला जोडून सिरीजमध्ये एक झेनर किंवा योग्य रेझिस्टर दिला की दोन्ही गोष्टी साधतात. डायोडची दिशा दोनदा तपासा. चुकली तर थेट शॉर्ट.

चिकटलेल्या टोकांची शेवटची खात्री अशी करा. चाकं हवेत, मोटर चालू, आता पेडल दाबा. टोकं उघडल्याचा आवाज यायला हवा, मोटरवरचं व्होल्टेज पडायला हवं. सलग बऱ्याच वेळा करा. एकदाही चुकलं तर ट्रॅक्टर खाली उतरवायचा नाही.

चौथी पायरी : रेझिस्टर आणि फील्ड

डिस्कनेक्ट काढून रेझिस्टरच्या पट्ट्या किंवा कॉइल डोळ्यांनी पाहा. तुटलेलं वळण, निळसर-पांढरा डाग, सैल नट. साध्या मीटरवर 0.2 ओहम नीट मोजता येत नाही, म्हणून दुसरी युक्ती. वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून रेझिस्टरमधून करंट सोडा. 4 अँपिअर जात असतील आणि रेझिस्टरवर 0.8 व्होल्ट दिसले, तर रोध 0.2 ओहम.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. पहिल्या खाचेत काहीच नाही पण पुढच्या खाचेत ट्रॅक्टर उसळतो, तर पहिल्या टप्प्याचा रेझिस्टर तुटलेला. पहिल्याच खाचेत झेपावतो आणि पुढे वेग फारसा बदलत नाही, तर बायपास कॉन्टॅक्टर चिकटलेला. सगळ्या खाचा ठीक पण वरच्या वेगात फरकच पडत नाही, तर फील्डचा रोध कुठेतरी शॉर्ट झालाय किंवा त्याचा रिले काम करत नाही. सपाटीवर सुसाट आणि चढावर दम नाही, करंट मात्र भरपूर, तर फील्ड कायमचं कमकुवत आहे.

फील्डची बाजू सगळ्यात जपून हाताळायची. आर्मेचर जोडलेलं असताना फील्डची तार निसटली, तर बॅक ईएमएफ जवळपास नाहीसा होतो. हलक्या भाराखाली मोटर बेफाम वेग घेते, जड भाराखाली करंट शेकडो अँपिअरला जातो. दोन्हीमध्ये नुकसान. म्हणून आर्मेचरची जाड केबल सोडून, टेप गुंडाळून बाजूला ठेवा, आणि फक्त फील्डच्या तारेत अँपिअर मीटर लावून लिव्हर पूर्ण फिरवा. रेझिस्टरच्या सगळ्या खाचांत करंट पूर्ण हवा, वरच्या खाचांत पायरीपायरीने कमी व्हावा, आणि कुठल्याही खाचेत शून्य होता कामा नये. हे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्यांची किंमत कळेल.

मोटर तापल्यावर फील्डचा करंट आपोआप कमी होतो, कारण तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 50 अंश तापमान चढलं की करंट सुमारे 17 टक्के घटतो. अर्ध्या तासाच्या कामानंतर ट्रॅक्टर किंचित जास्त पळू लागला, तर ते हेच आहे. बिघाड नव्हे.

ब्रश एवढ्यात पाहून घ्या. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर हात लावू नका. काळे पट्टे, खाचा असतील तर खराद करणाऱ्याकडे न्या. कार्बनची भुकटी व्हॅक्यूमने ओढा. हवेने उडवली तर ती वाइंडिंगमध्ये जाऊन बसते.

पाचवी पायरी : पट्टा आणि पुली

मोटर ते ट्रान्सअ‍ॅक्सल व्ही-पट्टा असेल तर तोच तुमचा दुसरा क्लच आहे, सांगितलेलं नसलं तरी. शून्य वेगाला पूर्ण ताकद येते तेव्हा सगळा झटका पट्टा खातो.

पट्टा घसरतोय की मोटर अडकतेय, हे ओळखायला क्लॅम्प मीटर पुरतो. चाकं जिथे अडतात अशा जागी, म्हणजे बर्फाच्या ढिगात किंवा बांधाला टेकवून, क्षणभर पहिली खाच द्या. चाकं थांबली, मोटरचा आवाज चढला आणि करंट उतरला, तर पट्टा घसरतोय. चाकं थांबली, आवाज बसला आणि करंट चढला, तर पट्टा पक्का आहे आणि मोटर खरोखर अडली आहे. अशा वेळी लगेच सोडा.

दोन पुलींच्या मधल्या भागावर अंगठ्याने दाबा. अंतराच्या चौसष्टाव्या भागाइतका पट्टा खाली जावा. 20 सेंटिमीटरला 3 मिलिमीटर. बाजू काचेसारख्या चमकत असतील तर पट्टा गेला. पुलीच्या खाचेचा तळ चमकत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकतोय, आणि कितीही ताणला तरी पकडणार नाही. दोन पट्टे असतील तर जोडीनेच बदला. वर लावायचा चिकट स्प्रे वापरू नका, तो माती धरतो. आणि पट्टा तारेसारखा ताणू नका. अति ताणाने बेअरिंग जातं, शिवाय झटक्याच्या क्षणी किंचित घसरणारा पट्टा ट्रान्सअ‍ॅक्सलचे दात वाचवतो.

गिअर बदलताना ट्रॅक्टर पूर्ण थांबवा. या ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये सिंक्रो (फिरत्या गिअरांचा वेग जुळवणारा भाग) नसतो. पुढे जाताना लिव्हर थेट रिव्हर्सला नेऊ नका. त्या क्षणी बॅटरीचे 36 आणि मोटरचा बॅक ईएमएफ यांची वजाबाकी न होता बेरीज होते, आणि करंट दुपटीकडे जातो. आधी थांबा, मग उलटा.

नवा कंट्रोलर घालायचा असेल तर

सगळं तपासून, दुरुस्त करूनही खाचांऐवजी सलग वेग हवा असेल, रेझिस्टरची उष्णता वाचवायची असेल, तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जरूर घाला. कर्टिस आणि ऑलट्रॅक्स यांचे गोल्फ कार्टसाठीचे 36 व्होल्टचे कंट्रोलर अमेरिकेत सहज मिळतात. पण गोल्फ कार्टच्या मोटरी दोन जातींच्या, सिरीज आणि सेपेक्स (फील्डला स्वतंत्र पुरवठा असलेल्या). त्यांचे कंट्रोलरही वेगळे. आपली मोटर शंट जातीची. म्हणून दोनच वाटा. एक, फील्डला कायम पूर्ण पुरवठा द्यायचा आणि फक्त आर्मेचर कंट्रोलरवर घ्यायचं. वरचा वेग हवा असेल तर जुना फील्ड रेझिस्टर स्विचसह तसाच ठेवायचा. दुसरी, आर्मेचर आणि फील्ड दोन्ही सांभाळणारा सेपेक्स कंट्रोलर, आणि त्यात आपल्या फील्डच्या करंटप्रमाणे सेटिंग. चौथ्या पायरीत लिहून ठेवलेले आकडे इथे लागतात. मी पहिली वाट सुचवेन. तारा कमी, समजायला सोपी, आणि रस्त्यात बिघडली तर परत जुन्यावर जाता येतं.

चार गोष्टी सोडू नका. मेन कॉन्टॅक्टर काढायचा नाही. कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर बिघडतात तेव्हा बहुधा शॉर्ट होतात, म्हणजे ट्रॅक्टर पूर्ण वेगाने सुटतो. पेडलच्या स्विचने कॉन्टॅक्टर थेट तुटला पाहिजे. मधे कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नको. दुसरी, फील्ड नसेल तर मेन कॉन्टॅक्टर लागूच नये असा रिले फील्डच्या वाटेत सिरीजमध्ये घाला. तिसरी, कॉन्टॅक्टरच्या टोकांवर 470 ओहम, 10 वॉटचा प्रीचार्ज रेझिस्टर. तो नसेल तर कंट्रोलरचे कपॅसिटर भरताना दरवेळी टोकांवर ठिणगी उडेल. चौथी, डीसीसाठी बनवलेला फ्यूज, बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. एसीत करंट दर चक्रात शून्यातून जातो आणि ठिणगी विझते. डीसीत ती पेटलेली राहते, म्हणून घरच्या वायरिंगचा फ्यूज इथे चालत नाही.

दिशा बदलायला फील्ड उलटं करणं स्वस्त पडतं, पण चालत्या ट्रॅक्टरवर ते झालं तर कंट्रोलरमधल्या डायोडमधून प्रचंड करंट धावतो आणि कंट्रोलर तिथेच जातो. त्यामुळे दिशेचा स्विच पेडल दाबलेलं असतानाच आणि चाकं थांबलेली असतानाच फिरेल अशी व्यवस्था करा.

लिथियमचा विचार करत असाल तर 12 सेलचा लोहफॉस्फेट संच 38.4 व्होल्टचा येतो, पण चार्जच्या शेवटी 43.8पर्यंत चढतो. जुन्या कॉन्टॅक्टरच्या कॉइल आणि फील्ड त्या दाबाला जास्त तापतात, म्हणून त्यांचं तापमान पाहून खात्री करून घ्यावी लागते. बीएमएस (संचावर लक्ष ठेवून गरज पडल्यास पुरवठा तोडणारं सर्किट) सुरुवातीच्या झटक्याचा करंट सोसेल असा हवा, नाहीतर चढाच्या मध्यावर तो पुरवठा तोडेल आणि मोटरचा ब्रेकही त्याबरोबर जाईल. शिवाय शिशाचं जे वजन जाईल, ते मागच्या चाकांची पकडही घेऊन जाईल. तितकं लोखंड परत मागे बसवावं लागतं.

पहिली फेरी सपाट जागेवर, सर्वांत खालच्या गिअरमध्ये, डेक न लावता काढा. दहा मिनिटांनी थांबा, डिस्कनेक्ट काढा, आणि हाताची मागची बाजू प्रत्येक थिंबलजवळ, प्रत्येक कॉन्टॅक्टरजवळ नेऊन पाहा. जो जोड शेजाऱ्यापेक्षा गरम लागेल तो उघडा, साफ करा, पुन्हा कसा. ते झाल्यावरच चढाकडे वळा.